रिफ्रेश केल्याने कॉम्प्युटर पळतो का?

प्रश्न : आमच्याकडे २०१६ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. बटण दाबून स्वयंपाकघरात जावं, चहा करून यावं, तरी तो कामाला लागलेला नसतो. भाचा आला की आधी राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश करतो, मग रनमध्ये जाऊन टेम्प आणि प्रीफेच रिकामं करतो. त्याने खरंच वेग वाढतो का? दुकानदार म्हणतात, आता नवीनच घ्या.
– एक वाचिका, कराड

उत्तर : रिफ्रेशने वेग वाढत नाही. त्या आज्ञेने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, एवढंच. मेमरी रिकामी होत नाही, की प्रोसेसरला हुरूप येत नाही. तरीही गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमधून ही सवय अशी पसरली आहे की रिफ्रेश केल्याशिवाय कामाला हात न लावणारी माणसं घरोघरी भेटतात.

टेम्पमधल्या फाइली काढल्या तर थोडी जागा मोकळी होते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर तिचा उपयोगही होतो. प्रीफेचला मात्र भाच्याने हात लावू नये. एखादा प्रोग्रॅम उघडताना कोणकोणत्या फाइली लागतात याची टिपणं विंडोज तिथे करून ठेवतं, आणि ती असतात पुढच्या वेळी तो प्रोग्रॅम लवकर उघडावा म्हणून. ती पुसली की विंडोजला सगळं पुन्हा टिपून घ्यावं लागतं, म्हणजे निदान पहिल्यांदा तरी काम सावकाशच होतं.

मग अडतं कुठे? ते शोधायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या त्यातला डिस्कचा रकाना बघा. तुमच्या मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल, आणि तशी ती असण्याचीच शक्यता जास्त, तर तिथे १०० टक्के दिसेल. त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी चाललेलं असेल. डिस्क पूर्ण गुंतलेली आणि काम मात्र नावाला, हे कसं काय?

हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून इकडून तिकडे सरकते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा दांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय दांडी सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. म्हणजे विखुरलेले तुकडे गोळा करायचे असतील तर सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे लागतात. प्रोसेसर बिचारा तेवढा वेळ नुसता वाट बघत बसतो. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हेच काम तिथे मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की तुम्ही नवा कॉम्प्युटर घेऊ नका, आधी एसएसडी बसवा. अडीच इंची साटा एसएसडी तुमच्या मशीनला चालेल, आणि घरगुती कामाला २५६ जीबी पुरते. या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही.

त्यानंतर रॅम. ती ४ जीबी असेल आणि क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब उघडे राहत असतील, तर न मावणारा मजकूर विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतं आणि पुन्हा त्याच संथ डिस्कवर भार पडतो. ८ जीबी करून घ्या. विकत घेण्यापूर्वी रॅम डीडीआर-३ आहे की डीडीआर-४ ते तपासा, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

फुकटातल्या दोन गोष्टी आजच करा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जाऊन नको असलेले प्रोग्रॅम डिसेबल करा. आणि आठवड्यातून एकदा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनच्या सीपीयू पानावर ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसतो, तो यामुळेच. पुरती नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. वेग वाढवून देणारी ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर मात्र उतरवून घेऊ नका. तीच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

दुकानदारांच्या सल्ल्यातही एक मुद्दा खरा आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि २०१६ चे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. घरात फक्त ब्राउझर, पत्रलेखन आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून बघा. त्यात मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा श्रीलिपीवर कुणाचं काम चालत असेल तर मात्र आधी त्यांना विचारा, कारण ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेली आहेत.

डिस्क बदलण्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दुकानात जाण्याची वाट न बघता हे काम आजच उरका.