पडद्यावरील मजकूर कसा जपावा?

समजा, तुमची शाळा आष्ट्याला आहे. संगणकावर काम करताना काळ्या पडद्यावर अचानक बिघाडाची सूचना आली. दुरुस्ती करणारे सांगलीला आहेत. तुम्ही सूचना वहीत उतरवली, पण एक अक्षर चुकले. मग त्यांना खरा बिघाड कसा कळणार?

जुन्या डॉस संगणकावर 'प्रिंट स्क्रीन' ही कळ दाबली, की पडद्यावरील अक्षरे छापून कागदावर येत. लिनक्समध्ये पहिल्या पडद्याची अक्षरे 'व्हीसीएस १' या फाईलमधून वाचता येतात. तिची नक्कल दुसऱ्या फाईलमध्ये करावी. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी असतील, तर नक्कल २००० अक्षरांची होते. तिच्यात ओळी वेगळ्या नसतात. दर ८० अक्षरांनंतर आपण ओळ तोडावी.

मात्र ही फाईल सर्वांना उघडता येत नाही. पडद्यावर एखाद्याचे खाजगी पत्रही असू शकते! म्हणून आधी परवानगी घ्या, मगच नक्कल करा.

शब्दार्थ : कळ – बटण, बिघाड – खराबी, परवानगी – इजाजत.

स्वाध्याय
१. सूचना हाताने उतरवण्यात कोणता धोका आहे?
२. परवानगी का घ्यावी?