गोधडीची बैठक : मोहल्ल्यात कशी सुरू करावी?

शिंप्याच्या दुकानातले कातरण पोत्यात भरून वजनावर विकले जाते, हे आपल्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. त्याच गल्लीत दोन घरे सोडून एखादी दादी अशी असते की, हेच तुकडे तिला दिले तर ती त्यांची वर्षानुवर्षे टिकणारी गोधडी करून देईल. पण तिच्याजवळ बसून शिकणारे कोणी नाही. घरच्या मुली काज-बटण करतात, फॉल-पिको करतात, नगावर मजुरी घेतात. दादीचा हुनर मात्र दादीबरोबर जातो. सबब, गोधडी शिवणाऱ्या भगिनींची साधी बैठक कशी चालवावी, याविषयी आम्ही चार गोष्टी सांगू इच्छितो.

नोंदणी, अध्यक्ष, पावतीपुस्तक यांच्या फंदात आरंभी पडू नये. ज्या घरी ऐसपैस खोली आहे ते घर, आठवड्यातला एक ठरलेला वार आणि जोहर ते असर ही वेळ, एवढे पुरे. सहा ते आठ जणी असाव्यात. एका गोधडीभोवती त्याहून जास्त बसल्या तर कोपराला कोपर लागतो.

तरबेज आणि नवशिकी एकत्र कशा बसतील, हा खरा प्रश्न. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. कठीण काम त्याच्या आधीचे. थर सपाट पसरणे, मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढणे आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून थर बांधणे. हे जाणत्या हातांनीच करावे. मग नवशिक्या मुलीला दोन जाणत्या बायकांच्या मध्ये बसवावे. तिचा टाका लांब-आखूड येईल. येऊ द्यावा, उसवू नये. ज्या बैठकीत उसवणारी खाला असते, तेथे नव्या मुली तिसऱ्या आठवड्याला दिसत नाहीत! ज्यांची नजर कमी झाली त्यांनी रंग जुळवावेत. सुईत दोरा ओवायला लहान पोरी आहेतच.

आता कपड्याविषयी, कारण हा आमचा प्रांत. सुती तुकडे वेगळे, टेरिकॉट वेगळे आणि ताणणारे होजिअरीचे त्याहून वेगळे ठेवावेत. शिंपी बांधवांनी सुती कातरणासाठी एक निराळी पिशवी टांगली तर निम्मे काम झाले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून आधी धुऊन घ्यावे. नाहीतर तयार गोधडी जागोजागी चुरगळते. लाल आणि गडद निळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. आतल्या थराला जुनी सुती साडी, लुंगी किंवा चादर उत्तम. जीन्सचे जाड तुकडे आत घालू नयेत, सुई अडते आणि नवशिकीचे बोट सोलते. अंगुस्तान प्रत्येकीला द्यावे.

नमुना हवा असेल तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी बायकांची कवंदी पाहावी. आफ्रिकी वंशाच्या या समाजात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्या कडेपासून सुरुवात करून तुकड्याची किनार दुमडत, शिवत मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांवर घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यास त्या फूल म्हणतात. तुकडा जोडणे व थर शिवणे एकाच धावदोऱ्यात होते. मशीनची गरजच नाही.

पैशाची गोष्ट स्पष्ट बोलावी. गोधडी पाहून कोणी ऑर्डर देईल. ती बैठकीत आणू नये; आणली की बारीक टाक्याच्या चौघी राहतात आणि बाकीच्या उठून जातात. ऑर्डरचे काम दुसऱ्या दिवशी, ठरल्या मजुरीवर करावे. मजुरी तासांवर धरावी. कापड फुकटचे दिसते म्हणून गिऱ्हाईक मेहनतही फुकट समजते, हा आमचा तजुर्बा आहे.

पहिली गोधडी लहान धरावी, पाळण्याची, मीटरभर लांब-रुंद. मोठीला महिने लागतात आणि हुरूप ओसरतो. पुरी झाली की मोहल्ल्यात ज्या घरी बाळ आले असेल तेथे द्यावी, आणि दुसरीचे थर त्याच दुपारी पसरून टाचून ठेवावेत.