विभागाच्या किल्ल्या

अगं, नेमणुकीच्या आदेशात तुला ‘प्रयोगशाळा सहायक’ म्हटलंय. पण वर्धा काय नि हिंगणघाट काय, जीवशास्त्र विभागात या पदाच्या पोटात किती कामं दडलेली असतात, ते कुणी लिहून देत नाही. प्रात्यक्षिकाची मांडामांड, कोटेशनं, डेड स्टॉक, नॅकच्या फायली, होस्टेलवर करमत नाही म्हणून रडणारी पहिल्या वर्षाची पोरगी... सगळं तुझ्याच टेबलाशी येईल. सगळ्याला हो म्हणू नकोस. काही कामं मात्र जिवापाड कर.

पहिलं काम बरण्यांचं. 2014 मध्ये यूजीसीनं प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं. चांगलंच झालं, उगाच मरणारे जीव वाचले. पण त्यामुळं कपाटातले जुने नमुने एकदा खराब झाले की त्यांच्या जागी दुसरे येणं अवघड. फॉर्मलिनची पातळी उतरली की नमुन्याचा वरचा भाग उघडा पडतो, सुकतो, काळवंडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, विभागाला कुलूप, पंखेही बंद. म्हणून सुट्या लागायच्या आधी एकेक बरणी उजेडात धरून बघ. भर घालायची तर बाजारातलं फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. सकाळीच, खिडक्या सताड उघडून, हातमोजे घालून. डोळे चुरचुरले की सरळ बाहेर ये, तिथं धाडस दाखवायचं नसतं. झाकणाच्या कडेला व्हॅसलिनचं बोट फिरव. आतली चिठ्ठी पेन्सिलनंच लिही. पेनाची शाई पसरते आणि मग बरणीत काय आहे हे सांगणारं कुणीच उरत नाही.

कांद्याच्या मुळांचंही तुझ्याकडेच येईल. मुळं सकाळी कापून लगेच अ‍ॅसिटिक आम्ल एक भाग, अल्कोहोल तीन भाग अशा द्रावणात टाक. उशीर झाला तर पोरं तासभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसतात आणि पेशीविभाजन काही दिसत नाही.

आता गावाचं सांगते. आपली बरीच मुलं कापूसवाल्यांच्या घरची. 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं, ते त्यांनी घरात पाहिलंय. एखादा पोरगा डबीत कपाशीची न उमललेली डोमकळी घेऊन येईल, “मॅडम, हे तेच का?” विचारेल. त्याला परत पाठवू नकोस. फूल उलगडून भिंगाखाली आतली अळी दाखव. फवारणीचं मात्र तू सांगू नकोस, त्यासाठी सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिकडं धाड.

साप निघाला तरी फोन तुलाच येईल, जीवशास्त्रवाली म्हणून. फोन करणाऱ्याला आधी वनविभागाचा 1926 हा क्रमांक दे. आणि चावला असेल तर एकच सांग, ठासून सांग: मांत्रिकाकडे नाही, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या, आत्ताच्या आत्ता.

यातलं बरंच काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि बढतीच्या वेळी ‘तुम्ही करता काय?’ असं विचारणारे हटकून भेटतात. म्हणून रोज घरी निघण्याआधी एका वहीत दोन ओळी लिहीत जा: कोणत्या बरणीत भर घातली, कोणत्या वर्गाचं प्रात्यक्षिक मांडलं, काय फुटलं, काय मागवलं. महिनाअखेरीस विभागप्रमुखांची त्यावर सही घे. ते सुरुवातीला हसतील. हसू दे, पण सही घेतल्याशिवाय वही उचलू नकोस.