चेंडू किती दाबावा?



महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक देशांची यंत्रमानव-स्पर्धा २००८ व २०१४ सालीं पुण्यास झाली. २०२५ सालीं ती मंगोलियांत उलानबातर येथें भरली, तेव्हां यंत्रांनीं बास्केटबॉल खेळावयाचा होता.

चेंडू फेंकणाऱ्या यंत्रांत पुष्कळदां दोन फिरतीं चाकें असतात. त्यांमधील फट चेंडूच्या व्यासाहून कमी ठेवितात. फट मोठी झाली तर चाकें चेंडूवरून घसरतात. फार लहान झाली तर चेंडू अडकून मोटार तापते. अंदाजानें बांधलेलें यंत्र चार वेळां मोडून पुन्हां बांधण्याचा खर्च पिंपळनेरसारख्या गांवच्या शाळेस झेपत नाहीं. म्हणून किती बलानें चेंडू किती दबतो, हें आधींच मोजावें.

टेनिसचे एकाच जातीचे तीन चेंडू घेऊन त्यांचा व्यास मोजावा. चुलीच्या तीन दगडांप्रमाणें ते मांडून वर सपाट फळी ठेवावी. घरंगळूं नयेत म्हणून बुडाशीं ओल्या मातीचा टेका द्यावा. मग फळीच्या मध्यावर तीन-तीन किलो वजन वाढवीत जावें. पांझरेची वाळू तोलून भरलेल्या पिशव्या या कामीं चालतात. दर तीन किलोंमागें प्रत्येक चेंडूवर एक किलोचा, म्हणजे सुमारें ९.८ न्यूटन, भार येतो. फळीचें वजनहि हिशेबांत धरावें. प्रत्येक वेळीं फळीच्या खालच्या बाजूची उंची तिन्ही चेंडूंपाशीं मोजून सरासरी काढावी. ती व्यासांतून वजा केली कीं दब मिळतो.

वजनें उतरवितांनाहि उंची लिहावी. त्याच भाराखालीं चेंडू आतां अधिक दबलेला आढळेल, कारण दाबण्यांत खर्चलेल्या ऊर्जेचा कांहीं भाग उष्णतारूपानें निघून जातो.

टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांतहि अशीच कसोटी आहे. ठराविक पद्धतीनें सुमारें ८० न्यूटन भार दिला असतां नेहमींचा चेंडू ०.५६ ते ०.७४ सेंटिमीटर दबला पाहिजे. आपल्या मांडणींत एवढ्या भारास एकूण साडेचोवीस किलो लागतील. हवा गेलेला चेंडू याहून अधिक दबेल.

शेवटीं भार व दब यांचा आलेख काढावा, म्हणजे फटीचा पहिला अंक हातीं येतो. गोल चाक सपाट फळीसारखें दाबीत नाहीं. यास्तव त्या अंकाच्या आसपास फट थोडथोडी बदलून पाहावी.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल अंगणांत वाळू तोलीत बसलें, तर तो रिकामा उद्योग समजूं नये.