वडिलांच्या दुखण्यात वडिलांसच विचारा

काही वर्षांमागे आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांस खोकला जडला. वय पंचाहत्तरीच्या पुढे, शरीर अगदी झिजलेले. प्रथम क्षयाची शंका घेण्यात आली व तसे औषधही सुरू झाले. परंतु उतार पडेना. पुढे शहरात नेऊन फुप्फुसातील गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा तो कर्करोग ठरला. थोरला मुलगा आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाला, "पाळकसाहेब, बाबांना यातले काही कळू देऊ नका. ऐकूनच खचतील ते." आम्ही होकार दिला.

आठ दिवसांनी त्या वृद्धाने आमचा हात धरून विचारले, "मी खोकलो की घरातले सगळे गप्प होतात. मला काय झाले आहे, हे मला सोडून साऱ्या गावाला ठाऊक आहे काय?" आम्ही इकडचे तिकडचे बोलून उठलो. त्या दिवसाची आम्हांस अद्याप लाज वाटते. आजचा पाठ त्या चुकीतून निघाला आहे.

१. सत्य लपवू नये. मुले लपवितात ती प्रेमाने. परंतु रोग्याचे शरीरच त्यास सांगत असते. लपविल्याने भय कमी होत नाही, मात्र भयाविषयी बोलावयास कोणी उरत नाही. म्हणून प्रथम त्यांसच विचारावे, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हांला सांगू का?" कोणी म्हणेल, "सगळे सांग", कोणी म्हणेल, "मला नको, तूच पाहा." दोन्ही उत्तरांचा मान राखावा. सर्व एकदम सांगू नये, आणि दिवसही मोजून देऊ नयेत. "तंबाखू का ओढलीत?" असे तर कधीच म्हणू नये. ज्यांनी विडीस स्पर्शही केला नाही त्यांसही हा रोग होतो. चुलीचा धूर हेही त्याचे एक कारण आहे.

२. उपचार कोणता, हे समजून घ्यावे. केवळ वय झाले म्हणून उपचार नाही, असे नसते. रोगी दिवसाचा किती वेळ उठून बसतो, चालतो, जेवतो, हे डॉक्टर पाहतात. काही गाठींच्या पेशींत विशिष्ट बदल आढळतात व त्यांवर रोज घ्यावयाच्या गोळ्या लागू पडतात. म्हणून तुकड्याची तशी तपासणी झाली काय, हे अवश्य विचारावे. या उपचाराने रोग बरा होईल, आयुष्य वाढेल, की केवळ त्रास कमी होईल, हेही स्पष्ट विचारावे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या इस्पितळातील आरोग्यमित्रास भेटावे.

हे सर्व कळले तरी निर्णय वडिलांचा आहे. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्यास काय हवे, हे उघड दिसत होते. तरी प्रभूने त्यास विचारल्यावाचून काही केले नाही. पुत्राने पित्यास न विचारता ठरवावे, हा पाचव्या आज्ञेचा मान नव्हे.

३. वेदना व धाप सोसत बसू नये. त्रास शमविणाऱ्या सेवेस इस्पितळात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ही सेवा म्हणजे हात टेकणे नव्हे. २०१० साली अमेरिकेत बोस्टन येथील १५१ फुप्फुस-कर्करोग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांस नेहमीच्या उपचारासोबत आरंभापासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, आणि ते सरासरी अधिक काळ जगले. डॉक्टरांनी मॉर्फीन दिल्यास भिऊ नये. ते घड्याळाप्रमाणे द्यावे व मलावरोधाचे औषधही मागून घ्यावे. धाप लागल्यास उशांच्या आधाराने बसवावे, खिडकी उघडावी, तोंडावर वारा घालावा. जेवण थोडे थोडे द्यावे. रक्त पडणे, चेहरा व मान सुजणे, पाय एकाएकी लुळे पडणे, किंवा उपचार चालू असता ताप येणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

४. सेवा करणारासही विसरू नये. एकटी सून रात्रीमागून रात्र जागत असेल, तर शेजाऱ्यांनी पाळी लावून बसावे. नुसते "काही लागले तर सांगा" म्हणून जाऊ नये.

त्या गृहस्थांस शेवटी मुलानेच सर्व सांगितले. ते बराच वेळ उगे राहिले, मग म्हणाले, "बरे झाले सांगितलेस. आता मला घरी ने." जोराचा उपचार त्यांनी नाकारला, वेदनेचे औषध मात्र घेतले. शेताची वाटणी त्यांनी स्वतः केली, आणि दुरावलेल्या भावास बोलावून घेतले. न सांगते तर हे दिवस त्यांच्या हातचे गेले असते.

विचारासाठी प्रश्न
१. आपण रोग्यापासून सत्य लपवितो, ते त्याचे भय टाळण्यासाठी की आपले?
२. आपल्या वडिलांस आज सर्वांत अधिक काय हवे आहे, हे आपण त्यांस विचारले आहे काय?
३. आपल्या मंडळीत कोणाच्या घरी या आठवड्यात रात्रीची पाळी लागेल?