अक्षर आणि स्वनिम : प्रास्ताविक अभ्यासक्रमातील एक अडसर

भाषाविज्ञानाच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात 'स्वनिम' ही संकल्पना विद्यार्थ्यांस अवघड वाटते. अक्षर म्हणजेच ध्वनी, ही शालेय शिक्षणातून दृढ झालेली समजूत हे त्याचे एक प्रमुख कारण होय. तिचे निराकरण मराठीच्याच उदाहरणांनी करणे इष्ट ठरते.

'दोन आणि दोन चार' यातील 'चार' आणि 'गुरे चार' या आज्ञेतील 'चार' यांचे लेखन एकच आहे; परंतु पहिल्यातील 'च' तालव्य, तर दुसऱ्यातील दंततालव्य आहे. 'जरा' (थोडे) आणि 'जरा' (वार्धक्य) यांतही हाच भेद दिसतो. केवळ या उच्चारभेदाने अर्थ बदलत असल्यामुळे येथे भिन्न स्वनिम मानावे लागतात. लिपी मात्र दोहोंस एकच चिन्ह योजते. उलट 'घरचा', 'घरची' या रूपांत प्रत्यय एकच असूनही ईकारापूर्वी दंततालव्य 'च' तालव्य होतो. तेथे हा भेद परिसराधीन असतो, अर्थभेदक नसतो.

याच कसोटीवर 'मन' आणि 'मण' ही जोडी पाहावी. प्रमाण मराठीत 'न' आणि 'ण' हे स्वतंत्र स्वनिम होत. ज्या बोलींत दोहोंच्या जागी 'न' येतो, तेथे मात्र स्वनिम एकच आहे. म्हणून 'पानी' हा उच्चार अशुद्ध नव्हे. तो वेगळ्या व्यवस्थेचा नियमित आविष्कार होय. स्वतःच्या बोलीविषयी संकोच बाळगणाऱ्या विद्यार्थ्यास हे उमगले, तर त्याची बोली हीच त्याच्या अभ्यासाची सामग्री ठरते.