मैदान आणि पुस्तक : अम्ब्रोसिओ पादिल्या

‘खेळून काय पोट भरणार आहे का?’ पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. अशा वेळी फिलिपिन्सच्या अम्ब्रोसिओ पादिल्या (१९१०–१९९६) यांची गोष्ट जरूर सांगा.

१९३४ साली मनिलातल्या फार ईस्टर्न स्पर्धेत बास्केटबॉलचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात ते होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ते कर्णधार होते. पाचपैकी चार सामने जिंकले, हरले फक्त अमेरिकेकडून. पण ही हार उपांत्यपूर्व फेरीतली, त्यामुळे पाचवा क्रमांक मिळाला.

खेळासोबत त्यांनी कायद्याचा अभ्यासही केला. वकील झाले, कायद्याची पुस्तकं लिहिली, सॉलिसिटर जनरल झाले. १९५७ मध्ये सिनेटवर निवडून आले. १९७२ साली देशात लष्करी कायदा लागला, संसद बंद पडली. पुढे १९८६ मध्ये नवी राज्यघटना तयार करणाऱ्या आयोगाचे ते उपाध्यक्ष झाले, तेही पंचाहत्तराव्या वर्षी!

वर्गात मुलांना विचारा : एकच संघ नियम ठरवू लागला तर सामना होईल का? मग देशात काय होईल? नागरिकशास्त्राचा धडा इथूनच सुरू होतो.

आणि पालकहो, परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी मैदान बंद करू नका.